तीन टन पाणी आणि अण्णांची सही

ड्रॉइंगवर सही करण्याआधी अण्णा उठून हात धुऊन येत. हात स्वच्छ असले तरी. बेसिनपाशी साबण लावत, खिशातल्या रुमालाने एकेक बोट पुसत आणि टेबलाशी परतून कोपऱ्यातल्या चौकटीत पेन्सिलीने छोटासा ‘कृ’ काढत. कृष्णाजीरावांचा कृ. त्या अक्षराचा अर्थ एवढाच, की हे काम एका माणसाने केलंय आणि दुसऱ्याने त्याच्यावर विश्वास न ठेवता ते पुन्हा पाहिलंय. “माझी नोकरीच अविश्वासाची आहे,” ते म्हणत. “विश्वास ठेवायला लागलो की मला घरी पाठवा.”

अण्णांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की दर वेळी मी त्यांच्या विनोदांपाशी थांबायचो आणि वही मिटायचो. कारण पुढे गेलं की मला माझ्याबद्दल लिहावं लागतं. या वेळी मिटणार नाही असं ठरवलंय.

आमचं ऑफिस कानडी मुलखात, मल्लेश्वरमला, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. इमारतींचे स्लॅब, बीम, खांब किती जाड, त्यांत लोखंड किती, हे ठरवून द्यायचं काम. मी नागपूरहून नवा आलेला. अण्णा तिथले चेकर, पन्नाशी ओलांडलेले, बुटके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं, की ते कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी पहिल्या दिवशी त्यांच्या मराठीला हसलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आम्ही इथं आलो तेव्हा तुमचं नागपूर बसलं होतं का रे?” त्या दिवसापासून मी ‘नागपूरकर’ झालो. माझं खरं नाव त्यांनी पुढे क्वचितच घेतलं.

त्याच दिवशी त्यांनी मला एक प्रश्न घातला.

“कालवा आहे. पुलावरून नदी ओलांडतोय. पुलावर पाणीच पाणी. त्यातून एक नाव आली. पुलावर किती वजन वाढलं?”

“नावेचं असेल तेवढं,” मी म्हणालो.

“नागपुरात नावा नाहीत वाटतं.”

“तलाव आहे की, अण्णा.”

“तलावाखाली पूल असतो का? ये, स्वल्प इकडे ये.”

मला ते चहाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेला एक जुना, तबकडीवर काटा फिरणारा वजनकाटा होता. त्यावर त्यांनी पातेलं ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि वरून हळूच एक सोललेला नारळ सोडला. पाणी काठावरून ओट्यावर सांडलं, नारळ तरंगायला लागला, काटा जिथल्या तिथे.

“नावेनं आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं. ते कालव्यातून पुढं निघून गेलं. पुलाला पत्ताच नाही, अल्वा? खरं की नाही?”

मग त्यांनी पातेलं अर्धं रिकामं केलं आणि तोच नारळ पुन्हा सोडला. या वेळी काही सांडलं नाही. काटा नारळाच्या वजनाइतका पुढे सरकला.

“नारळ तोच. पातेलं तेच. तरंगतोय तसाच. मग फरक कशाचा?”

मी ओट्यावर सांडलेल्या पाण्याकडे बघत म्हणालो, “पाणी कुठे गेलं त्याचा.”

“सरी,” अण्णा म्हणाले. बरोबर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण त्यांच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. सोळा वर्षांत मला ती मोजून थोड्याच वेळा मिळाली, आणि प्रत्येक वेळी घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं.

त्यांच्यापुढे ‘असेल’ म्हणायची सोय नव्हती. ‘भिंत नऊ इंची असेल’ म्हटलं की ते पेन्सिल खाली ठेवत. “असेल हा शब्द लग्नाच्या स्थळाबद्दल वापर. नोकरी चांगली असेल, मुलगी शांत असेल. स्लॅबबद्दल नाही.” काम झालं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, “बघितलंस?” आणि हो म्हटलं की माझ्या डोळ्यांकडे एक क्षण पाहायचे. दुपारी कॉफी मागवायची तर एकच, दोघांत. ते स्वतः दुसऱ्या ग्लासात ओतत आणि दोन्ही ग्लास डोळ्यांसमोर धरून पातळी जुळवत. थेंबभर जास्त माझ्याकडे आलं तरी त्यांना ते चालायचं. कमी आलेलं चालायचं नाही.

त्यांच्या घराजवळच्या देवळात वर्षातून एकदा पुष्करणीत तेप्पोत्सव व्हायचा. रिकामे ड्रम बांधून त्यावर फळ्या टाकायच्या, फुलांनी सजवायचं, देवाला त्यात बसवून पाण्यात फिरवायचं. त्या तराफ्यावर किती माणसं चढतील हे ठरवायचा मान अण्णांचा. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. सकाळीच त्यांनी प्रत्येक ड्रमवर खडूने एक रेघ मारून ठेवली होती. नंतर धोतर खोचून ते खालच्या पायरीवर उभे राहिले. माणसं चढायला लागली, ड्रम बसायला लागले, आणि एका कोपऱ्यातली रेघ बुडाली. अण्णांनी हात वर केला. तराफ्यावर मंडळाचे अध्यक्ष होते, त्यांचे मेहुणे होते, मोठे भटजी होते. कोणी उतरायला तयार नाही.

अण्णा कानडीत ओरडले आणि सगळ्या पायऱ्या हसल्या. मी अर्थ विचारला. “भटजींना म्हटलं, मध्ये सरका. देव हलका आहे, तुम्ही नाही.”

भटजी मध्ये सरकले, रेघ वर आली, आणि तरीही अण्णांनी अध्यक्षांच्या मेहुण्यांना उतरवलंच. “त्यांना पोहता येत नाही,” ते मला हळूच म्हणाले. “चौकशी केली होती.”

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी थोरली बहीण होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. अक्का लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. भावाची थट्टा हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. “आंघोळीच्या बादलीत तांब्या बुडवायचा तरी हा आधी हिशोब करतो,” त्या म्हणायच्या. “म्हणून मी आधी आंघोळ करून घेते.” गणपतीला मी त्यांच्याकडे जेवायचो. माझी मुलगी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात चालली.

आता ते सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. महादेवपुऱ्याकडच्या एका मोठ्या वसाहतीच्या क्लबहाउसवर, गच्चीत, पोहण्याचा तलाव होता. पाणी काठोकाठ भरलेलं आणि कडेवरून सतत ओघळणारं, तशा पद्धतीचा. तिथल्या लोकांना वर्धापनदिनाला तलावात तरंगता मंच टाकून त्यावर गाण्याचा कार्यक्रम करायचा होता. मंच आणि चौदा माणसं मिळून तीन टन. तलावाचा स्लॅब हे पेलेल का, असं पत्र त्यांना आमच्या ऑफिसकडून हवं होतं.

मला हसूच आलं. हा तर अण्णांचा नारळ. तलाव काठोकाठ भरलेला; तीन टनांचा मंच आला की तीन टन पाणी कडेवरून बाहेर; स्लॅबवरचा जादा भार शून्य. दहा मिनिटांत मी पत्र तयार केलं. तलावाच्या ड्रॉइंगचे दोन कागद आले होते. पहिला मी पाहिला. दुसरा टेबलावर गुंडाळलेलाच राहिला.

अण्णा त्या दिवशी ऑफिसात नव्हते. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पत्र चार वाजेपर्यंत द्यायचं होतं, आणि मला ते वेळेवर द्यायचंच होतं, कारण साहेब महादेवपुऱ्याला नवी शाखा काढणार होते आणि तिचा प्रमुख मी होईन असं बोललं जात होतं. मी रिक्षा करून हॉस्पिटलात गेलो. बाकावर अण्णा बसलेले, शेजारी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अक्का.

अण्णांनी कागद मांडीवर घेऊन पूर्ण वाचला. आकडे पाहिले. मग विचारलं, “कडेवरून पडलेलं पाणी कुठं जातं?”

“बाहेर, अण्णा. पाइपने खाली. गटारात.”

“बघितलंस?”

“बघितलंय.”

ते एक क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मी नजर हलवली नाही. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “कर रे सही. घामानं भिजलाय तो. मला एका डोळ्यानं दिसतंय.” अण्णा हसले, हॉस्पिटलच्या बेसिनवर हात धुऊन आले आणि कागद बाकावर ठेवून ‘कृ’ काढला.

मी खोटं बोललो तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं, हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. पाइप बाहेर जात असणार, दुसरं कुठे जाणार? म्हणजे मी ‘असेल’ म्हणत होतो, आणि त्याला ‘बघितलंय’ असं नाव देत होतो.

अशा तलावांचं ओघळलेलं पाणी कोणी फेकत नाही. ते शेजारच्या एका टाकीत साठतं आणि पंपाने पुन्हा तलावात जातं. ती टाकी दुसऱ्या कागदावर होती. मागाहून कोणीतरी बांधलेली, भिंतीतून बाहेर काढलेल्या एका पातळ स्लॅबवर. एरवी ती पाव भरलेली असायची, म्हणून तो स्लॅब कसाबसा उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. मंच पाण्यात सोडला, माणसं चढली, तीन टन पाणी कडेवरून निघालं आणि सगळं त्या टाकीत जाऊन बसलं. तलावाच्या स्लॅबला खरंच काही झालं नाही. टाकीखालचा स्लॅब वाळलेली फांदी मोडावी तसा वाजला आणि वीतभर खचला. खालच्या टॉवेलच्या खोलीत प्लास्टर कोसळलं, पाइप तुटून पाणी भरलं. तिथे दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या दोन बाया दहा मिनिटांपूर्वी चहाला गेल्या होत्या. दहा मिनिटं. त्यांची नावं मी कधी विचारली नाहीत.

ऑफिसात बैठक झाली. साहेब, वसाहतीचे दोन जण, मी आणि अण्णा. साहेबांनी ड्रॉइंग उलगडून विचारलं, “चेक कोणी केलं?”

“मी,” अण्णा म्हणाले. “सही माझी आहे.”

“दुसरा कागद पाहिला नव्हता?”

“नाही.”

“का?”

अण्णांनी ड्रॉइंगची गुंडाळू पाहणारी कड हाताने सपाट केली. “पाहायला हवा होता,” म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो असं मला वाटतं, पण त्यावरही आता माझा भरवसा नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. समोर पाण्याचा ग्लास होता, तो उचलून मी प्यायलो. बैठक संपली. त्याच आठवड्यात अण्णांनी नोकरी सोडली. पुढे त्या शहरातल्या आमच्या धंद्यात त्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, हो, तेच ना, टाकी न बघता सही करणारे? महिन्याभरात मी शाखेचा प्रमुख झालो.

त्यांच्या घरी मी सहा वर्षं गेलो नाही. मल्लेश्वरमला कामं निघायची. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तीनदा गेलो आणि तिथल्या भाजीवालीकडून काहीतरी घेऊन परत फिरलो. गणपती यायचे, जायचे. मुलगी विचारायची, आपण अक्कांकडे का जात नाही? मी म्हणायचो, लांब पडतं.

आणि या सगळ्या वर्षांत मला त्यांची इतकी आठवण यायची, की कोणाला सांगायची सोय नव्हती. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी. ड्रॉइंग कॉम्प्युटर तपासतो. चूक असली की लाल करतो, नसली की हिरवं. ‘बघितलंस?’ असं कोणी विचारत नाही. दुकानात, रिक्षात कोणी ‘सरी’ म्हटलं की माझी मान वळायची. कॉफीचा अख्खा ग्लास समोर आला की तो मला जास्त वाटायचा. मला त्यांची माफी हवी होती असं मी समजत होतो. खरं तर मला ते हवे होते, टेबलापलीकडे, चष्म्यावरून बघणारे. आणि तेच मी घालवले होते.

शेवटी एका रविवारी गेलो. दार अक्कांनी उघडलं. “ये, नागपूरकर,” त्या म्हणाल्या. “रस्ता सापडला का आज?”

अण्णा खूप वाळले होते. अंगणात खुर्चीवर ऊन घेत बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. दुसरा कागद उघडला नव्हता. पाइप पाहिला नव्हता. तुम्ही विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. साहेबांना आता लेखी देतो, सगळ्यांना कळवतो. अक्का दारात ऐकत होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. भावाने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

माझं बोलून झालं तेव्हा अण्णा म्हणाले, “बस आधी.”

मी बसलो.

“तू हॉस्पिटलात बोललास तेव्हाच मला शंका आली होती. तू फार लवकर बोललास. बघितलेला माणूस स्वल्प आठवतो, मग सांगतो.”

“मग सही का केलीत?”

“दमलो होतो. अक्काचा डोळा होता. आणि तू होतास.” ते आपल्या तळहाताकडे बघत होते. “अविश्वासाची नोकरी, आणि त्या दिवशी विश्वास ठेवला. म्हणून सही माझीच, ती तू मागू नको. तुझं ‘बघितलंय’ तुझं. ते मला घेता येत नाही. घेता आलं असतं तर घेतलं असतं रे.”

अक्का आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज मोठा येत होता. त्या पुन्हा माझ्याशी नीट बोलल्या त्या अण्णा गेल्यानंतरच.

“लेखी दे,” अण्णा म्हणाले. “तुला द्यायचं असलं तर दे. पण मला एक कर. ती टाकी दाखव. मी ती अजून बघितलेली नाही.”

ते लेखी मी साहेबांना दिलं. त्यांनी वाचून खणात ठेवलं आणि म्हणाले, आता जुनं झालं ते. एवढ्यावर ते संपलं.

पुढच्या रविवारी मी अण्णांना घेऊन गेलो. मेट्रोनेच जायचं, असा त्यांचा हट्ट. मॅजेस्टिक स्टेशनवर गाडी बदलताना त्यांनी माझा दंड धरला आणि महादेवपुरा येईपर्यंत सोडला नाही. गाडी उंच खांबांवरून जाताना ते खिडकीतून खांबच बघत होते. त्या रविवारनंतर ते मला पुन्हा दिसले नाहीत. पावसाळ्यात अक्कांचा निरोप आला.

क्लबहाउसचा मॅनेजर नवा होता. जुन्या कामाचे इंजिनीअर आहोत, खालची दुरुस्ती पाहायची आहे, असं मी सांगितलं. त्याने एक माणूस बरोबर दिला आणि टॉवेलची खोली उघडून दिली. टाकीखाली आता लोखंडी खांब होते, दोन नवे बीम होते. जुन्या स्लॅबची भेग सिमेंटने भरलेली होती, पण रंगातून ती ओळखू येत होती. वर सुट्टीचा दिवस. मुलं तलावात उड्या मारत होती. प्रत्येक उडीबरोबर कडेवरून पाणी सुटायचं आणि थोड्या वेळाने आमच्या डोक्यावरच्या टाकीत धबधबा येऊन पडायचं.

अण्णांनी चष्मा पुसला. भेगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मान वर करून. एका खांबावर हात ठेवला आणि पाणी यायची वाट पाहिली. पाणी आलं. त्यांनी हात काढला नाही. पुन्हा आलं. मग ते भेगेच्या बरोबर खाली, टॉवेलांच्या घड्या घालायच्या टेबलाशेजारी, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“तू वर जा,” ते म्हणाले. “हवा घे. मी थांबतो थोडा वेळ.”

“किती वेळ, अण्णा?”

“तलाव भरलेला आहे. मुलं दमेपर्यंत.”

बरोबरचा माणूस कंटाळून दाराबाहेर गेला होता. मी दारापर्यंत गेलो. वर पायऱ्यांवर ऊन होतं. मागे पाणी पुन्हा टाकीत कोसळलं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत अण्णा, एवढेसे, छताकडे बघत उभे होते. मी परत फिरलो आणि त्यांच्याशेजारी, त्याच भेगेखाली जाऊन उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जा असंही पुन्हा म्हटलं नाही. भिंतीच्या बाजूने थोडे सरकले, आणि माझ्यापुरती जागा झाली.